हरिपाठाच्या वेळी मधलं दार उघडं ठेवावं का?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचायलाच येते, पण गेला आठवडाभर एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून धागा काढतेय.

आमच्या पुण्यातल्या घरी गेली नऊ वर्षं कॉलेजच्या मुली राहायला असतात. सध्या सहा जणी आहेत. खाली आम्ही दोघं, स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि मागे एक लहान खोली. मुलींच्या खोल्या वर. जिना बैठकीच्या खोलीतूनच जातो.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सासरी तीन पिढ्यांची वारी. संध्याकाळी सातला दिवा लावला की मी बैठकीत बसून हरिपाठ म्हणते. टाळ घेऊन, मोकळ्या आवाजात, पाऊण तास. आमच्यात मनातल्या मनात म्हणायची रीत नाही. 'हरि मुखे म्हणा' असं माउलींनीच सांगून ठेवलंय.

मी कधी कोणाला 'ये बस' म्हटलेलं नाही. मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. एक आली, मग दोन, मग पाच. त्यात वसईची एक ख्रिस्ती मुलगी आहे. तिला चाल इतकी छान पाठ झाली की माझा श्वास कमी पडला तर ती ओळ धरते. मला त्याचा फार आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

मागच्या बुधवारी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "काकू, मुलगी तुमच्याबद्दल फार चांगलं सांगते. एकच विचारायचं होतं. तिला संध्याकाळी तुमच्यात बसावंच लागतं का?"

"छे हो, असं काही नाही," म्हटलं मी. पण फोन ठेवल्यापासून त्या 'बसावंच'मधला 'च' डोक्यातून जात नाहीये.

आमचे हे म्हणतात, जिन्याकडचं मधलं दार लावून घेत जा, विषय संपला. मला ते जड जातंय. देवाचं नाव दार लावून घ्यायचं म्हणजे आपण काही चोरून करतोय का? दुसरीकडे त्या बापाच्या जागी मी असते तर मलाही काळजी वाटली असती.

श्रद्धा ही चारचौघांत बोलून दाखवायची गोष्ट आहे की आपल्यापुरती ठेवायची? तुम्ही आपापल्या घरी, कामाच्या जागी काय करता? मनापासून सांगा.

---

मुळशीचा_वारा

ताई, घर तुमचं, देव तुमचा, आवाज तुमचा. दार लावायचा प्रश्न येतोच कुठे? तुम्ही कोणाला ओढून आणलं नाहीत. राहायला येताना तुमच्या गळ्यातली माळ त्यांना दिसत होतीच. वारकरी पंथ बंद खोलीत वाढलेला नाही, तो रस्त्यावर चालत वाढला. 'नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी' म्हणणाऱ्या नामदेवांना कोणी दार लावा म्हटलं असतं तर?

---

जोत्यावरची

मी दुसऱ्या बाजूने सांगते. शिकायला शहरात आले तेव्हा मी एका घरी राहत होते. घर कोणाचं, कुठलं ते सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. तिथल्या मावशींचं एका गुरूंवर मन होतं. दर गुरुवारी आरती. कधीही 'आलंच पाहिजे' म्हणाल्या नाहीत. पण जी मुलगी येई तिच्या पानात प्रसादाचा शिरा जास्त, आणि जी येत नसे तिला शुक्रवारी सकाळी "काल बरं नव्हतं का गं?" असा प्रश्न. तेवढंच. तेवढ्यानेच आम्ही सगळ्या दर गुरुवारी जायचो. मी दोन वर्षं आरत्या म्हटल्या आणि त्यानंतर आजतागायत आरतीचं पुस्तक हातात घेतलेलं नाही.

तुम्ही तशा नसालच. पण तुमच्या घरात राहणारी, तुमच्या हातचं जेवणारी मुलगी 'आपणहून' बसते म्हणजे नक्की काय, हे एकदा शांतपणे बघा एवढंच म्हणेन.

---

जुनी_पानं

तुमचा प्रश्न वाचला आणि उठून कपाट उघडलं, कारण हाच प्रश्न, अगदी दारासकट, पुण्यातच १८९३ साली उभा राहिला होता. जरा सविस्तर लिहितो.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन काढलं, उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे मुलीसह ख्रिस्ती झालेल्या होत्या. तरीही पुण्या-मुंबईतल्या सुधारकांनी त्यांना साथ दिली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. पैसा प्रामुख्याने अमेरिकेतून, बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून येत होता. अट एकच, की सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत, त्यात कोणी पडू नये.

रमाबाईंनी ती अट शब्दशः पाळली. वर्गात धर्म शिकवला नाही. पण त्या स्वतःच्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि खोलीचं दार उघडं ठेवत. हळूहळू मुली दाराशी येऊन बसू लागल्या, मग आत. बातमी बाहेर फुटली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांचं म्हणणं पडलं की ही संस्था धर्मप्रसाराकडे झुकली आहे, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर या मंडळींनी अंग काढून घेतलं. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

रमाबाईंची बाजू मला शाळकरी वयापासून पटत आली आहे. मी माझ्या खोलीत माझ्या देवाची प्रार्थना करते, ती लपून का करू? ज्या बाईने वडिलांबरोबर देशभर पायी हिंडत पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या, तिने दार लावून बसावं, ही अपेक्षाच मला अपमानाची वाटायची.

आता वय झाल्यावर मला रानडे-भांडारकरांची अडचणही दिसते. हे दोघं सनातनी नव्हते, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. त्यांना ख्रिस्ताचं वावडं नव्हतं. पण त्या मुली कोण होत्या? केशवपन झालेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, जेवण-कपडे-अक्षरं सगळं एका बाईकडून मिळणाऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मायेने वागवलं ती ही बाई. तिच्या खोलीचं दार उघडं असेल तर त्या आत जाणारच.

आणि तरी हेही खरं, की सगळ्या गेल्या नाहीत. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. बालविधवा, सदनात राहिल्या, शिकल्या, रमाबाईंवर अपार माया केली आणि हिंदूच राहिल्या. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. म्हणजे उघड्या दारातून आत न जाताही राहता येत होतं. सगळ्यांना तेवढं बळ असेल का, ते मला सांगता येणार नाही.

इंद्रायणीकाठ, तुमच्या घरी बाजू उलटी आहे. तिथे दार ख्रिस्ती बाईचं होतं आणि काळजीत हिंदू बाप होते. दार मात्र तेच.

---

इंद्रायणीकाठ

जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद यांना मोठ्याने वाचून दाखवला. रमाबाईंचं नाव माहीत होतं, दाराची गोष्ट माहीत नव्हती. वाचताना आधी मी रानडेंच्या बाजूची होते. मग लक्षात आलं की मी रमाबाईंच्या जागी बसलेय.

जोत्यावरची, शिऱ्याचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे तसं नाही असं लिहायला घेतलं आणि थांबले. हरिपाठ झाल्यावर मी साखर-खोबरं देते. जी तिथे असते तिला मिळतं.

---

वसईची_विहीर

काकू, मी त्याच भागातली, ख्रिस्ती, बोली कादोडी. त्या वडिलांना ओळखत नाही पण त्यांचा फोन समजू शकते. आमच्याकडे मुलगी बाहेरगावी शिकायला गेली की आईबापाची पहिली चौकशी 'रविवारी मिस्साला जातेस ना' हीच असते. त्यात तुमच्याबद्दल राग नसतो. आपलं मूल आपल्यापासून लांब जाईल ही धास्ती असते.

आमच्या शास्त्रात तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच प्रवचनात आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही, दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही. आणि मत्तयाच्या पुढच्याच अध्यायात तोच सांगतो, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. आमच्या धर्मगुरूंनी एकदा समजावलं होतं ते लक्षात राहिलं. दिवा म्हणजे तुझी चांगली कृत्यं, ती लोकांना दिसू देत. दार लावायचं ते प्रार्थना दाखवण्यासाठी होऊ नये म्हणून.

वसईत दोन्ही जगतो आम्ही. गावागावांत चौकाचौकात क्रूस उभे आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिक चालवायचे ते वसईतूनच, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्हाला वाटलं की आपली मराठी आणि आपली श्रद्धा दोन्ही एकाच वेळी मांडवात आली. त्या वेळी त्यांच्या धर्मावरून विरोधही झाला, तेही आम्ही पाहिलं. पण ऑफिसात कोणी विचारल्याशिवाय मी स्वतःहून चर्चचं बोलत नाही. लोकांच्या मनात लगेच 'ही आता धर्म बदलायला सांगणार' असं येतं, ते चेहऱ्यावर दिसतं, आणि मला ते सोसत नाही.

---

वकिली_टिपण

कायद्याची बाजू थोडक्यात. घटनेच्या २५व्या अनुच्छेदात तीन शब्द आहेत: धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. 'प्रसार' या शब्दावर ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत खडाजंगी झाली होती. लोकनाथ मिश्रांचा त्याला कडाडून विरोध होता, कन्हैयालाल मुन्शींनी बाजू घेतली, शब्द राहिला. पुढे १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही.

तुमच्याशी जास्त जवळचा आहे तो अनुच्छेद २८ चा तिसरा भाग. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. तुमचं घर शिक्षणसंस्था नाही, हा नियम तुम्हाला लागू नाही. पण संमतीचा विचार घटनाकारांनी नेमका तिथे केला जिथे एकजण देणारा आणि दुसरा घेणारा असतो, हे बघण्यासारखं आहे.

---

निळी_पहाट

इथवरचं वाचून एक बोलायचं राहतंय असं वाटलं.

'श्रद्धा घरात ठेवा' हा सल्ला ऐकायला सभ्य आहे. पण तो कोण कोणाला देतो? ज्याचा देव रस्त्यावर मांडवात बसतो, कॅलेंडरवर सुट्टी घेतो, कचेरीत टेबलाच्या काचेखाली असतो, त्याने श्रद्धा घरात ठेवली तरी त्याचं काही जात नाही, कारण ती बाहेर सगळीकडे आहेच. आम्ही ठेवली तर आम्ही दिसेनासे होतो.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होते. बाबासाहेबांनी दीक्षा बंद विहारात चार भिक्खूंसमोर घेऊन भागलं नसतं का? त्यांनी लाखो लोकांसमोर मैदानात घेतली आणि बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणवून घेतल्या. मोठ्याने म्हणणं हाच त्यातला अर्धा अर्थ होता. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसं जेमतेम अडीच हजार होती, १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाखांच्या पुढे गेली. एकेका माणसाने दारात आलेल्या गणकाला 'बौद्ध' असं सांगितलं म्हणून. ते सांगण्याची किंमत कित्येकांनी नोकरीच्या सवलती गमावून मोजली, कारण बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीतल्या सवलती केंद्राने १९९० साली दिल्या.

मी पुण्यात घर शोधत होतो तेव्हा एजंट म्हणाला, मालक बघायला येतील तेव्हा भिंतीवरचा फोटो काढून ठेवा, नंतर लावा. त्याने वाईट हेतूने सांगितलं नाही. मी फोटो काढला नाही. ते घर मिळालं नाही.

म्हणून इंद्रायणीकाठ, मी तुम्हाला दार लावा म्हणणार नाही. तुमच्या घरात मी राहत असतो तर मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असती, की माझा फोटो मी तुमच्या भिंतीवर लावू शकतो का.

---

मुळशीचा_वारा

निळी_पहाट, फोटोचं वाचून वाईट वाटलं. मी वर 'घर तुमचं' असं पटकन लिहून गेलो, तेच वाक्य त्या मालकानेही म्हटलं असतं, हे आत्ता लक्षात आलं.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. सगळ्यांनीच सगळं आत ठेवायचं ठरवलं तर आपल्याला एकमेकांचं कळणार कसं? शेजारी कशावर जीव टाकतो हे माहीतच नसेल तर तो शेजारी कसला.

---

राइनकाठी

मी जर्मनीत. इथला अनुभव अगदी वेगळा. गावात नाव नोंदवायला गेलं की अर्जात धर्म विचारतात, कारण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. म्हणजे माझ्या सहकाऱ्याचा धर्म पगारपत्रकावर असतो, पण तो स्वतः त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि विचारणं असभ्य समजतात. सात वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली बाई दर रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाते हे मला तिच्या निरोपसमारंभाला कळलं. मी तिला म्हटलं, मला आधी सांगितलं असतंस तर ऐकायला आलो असतो. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मला वाटलं तुला आवडणार नाही.

मुळशीचा_वारा म्हणतात ते मला पटतं, ते या बाईमुळे.

---

ऋद्धपूर_वाट

आमचं घर महानुभाव. आजीने उपदेश घेतलेला. शेकडो वर्षं लपवून ठेवलेल्या श्रद्धेचं काय होतं, ते आमच्या पंथाकडे बघून कळतं.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी धर्म मराठीत सांगितला. त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांनी पंथातल्याच केशोबासांना संस्कृतात लिहू नको म्हणून अडवलं, कारण 'येणे माझिया म्हातारिया नागवतील'. म्हणजे सुरुवात अशी, की म्हाताऱ्या बायांनाही कळलं पाहिजे. आणि पुढे तेच ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत, सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवले गेले. पंथाबाहेरच्या माणसाला एक ओळ वाचता येणार नाही अशी व्यवस्था. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, आपल्याच मातीत बासनात बांधून पडलेला होता.

लपवलं म्हणून ग्रंथ टिकले, हे आमचे जुने लोक सांगतात आणि ते खरं असेल. पण मधल्या काळात लोकांनी आमच्याबद्दल काय काय रचलं! काळे कपडे का घालतात, रात्री काय करतात, पोथ्यांत काय दडवलंय. आजी सांगायची की गावातल्या बाया तिला पाणवठ्यावर सरळ विचारायच्या आणि तिला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. दार बंद असलं की आत काय चाललंय ते बाहेरचे ठरवतात.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचं वाचतेय. दोन दिवस ज्ञानेश्वरी काढून बसले.

तेराव्या अध्यायात अदंभित्व सांगताना माउली म्हणतात, लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकून घेतो, तसं आपलं पुण्य झाकावं. आणि गीतेच्या अठराव्यात आधी 'हे अभक्ताला कधी सांगू नकोस' आणि लगेच पुढच्या श्लोकात 'जो हे माझ्या भक्तांना सांगेल तो मलाच येऊन मिळेल'. वसईची_विहीर, तुमच्याकडे जसं एका प्रवचनात दोन्ही, तसंच हे.

पण मला हलवलं ते हरिपाठाने. रोज म्हणते, रोज. पहिल्याच अभंगात 'हरि मुखे म्हणा'. आणि शेवटाकडे 'ज्ञानदेवा मौन जपमाळ अंतरी, धरोनी श्रीहरी जपे सदा'. तीस वर्षं ही ओळ टाळ वाजवत मोठ्याने म्हणतेय, आणि ती मौनाची ओळ आहे याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

---

जोत्यावरची

ताई, इतकं सगळं वाचलंत, आम्हाला सगळ्यांना विचारलंत. त्या मुलीला विचारलंत का?

---

इंद्रायणीकाठ

नाही विचारलं. रविवारी विचारते.

---

वसईची_विहीर

काकू, विचाराल तेव्हा हरिपाठाच्या वेळी नका विचारू. आणि वडिलांचा फोन आला होता हे आधी सांगा. तिला ते नंतर दुसरीकडून कळलं तर वाईट वाटेल.

---

इंद्रायणीकाठ

बोलणं झालं. इथे सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत म्हणून जसं झालं तसं सांगते.

रविवारी दुपारी बाकीच्या बाहेर गेल्या होत्या. मी मटार सोलत होते, तिला हाक मारली, तीही बसली. वडिलांचा फोन आल्याचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. मग सरळ विचारलं, "तू संध्याकाळी बसतेस ते आवडतं म्हणून, की बसावं लागतं म्हणून?"

बराच वेळ ती नुसती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "काकू, खरं सांगू? पहिला महिनाभर मी बसायचे ते जिन्यामुळे. तुम्ही डोळे मिटून म्हणत असता आणि आपण समोरून तसंच वर निघून जायचं, ते मला बरं वाटायचं नाही. तुम्हाला राग येईल असं वाटायचं. नंतर मात्र आवडायला लागलं. आमच्याकडे याच वेळी आजी जपमाळ घेऊन बसते, आम्ही सगळे तिच्याबरोबर म्हणतो. तुमचं ऐकताना मला घर आठवायचं."

मी म्हटलं, "अगं, मग तू तुझी जपमाळ का नाही म्हणत इथे?"

ती म्हणाली, "तुमच्या घरात चालेल का, माहीत नव्हतं."

मंडळी, त्या एका वाक्याने मी गप्प झाले. निळी_पहाटनी फोटोबद्दल जे लिहिलं होतं ते अगदी तेच होतं. मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले की माझं दार सगळ्यांना उघडं आहे. ते उघडं होतं माझ्या देवाकडे यायला. तुमचा देव घेऊन या, असं मी एकाही मुलीला कधी म्हटलं नव्हतं. मनात नव्हतं असं नाही, म्हणायचं सुचलंच नाही. आणि ज्यांना विचारायचं धाडस झालं नाही अशा किती जणी येऊन गेल्या असतील या घरातून. एक मुस्लिम मुलगी दोन वर्षं होती. रोजे धरायची ते मला माहीत होतं, पहाटेचं मी तिला करूनही द्यायचे. पण ती नमाज कुठे पढायची? मला आत्ता आठवूनही सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी सहाही जणींना बसवून बोलले. हरिपाठ आता मागच्या लहान खोलीत. वरची कोपऱ्यातली खोली, जिथे आमच्या गाद्या आणि जुनं सामान होतं, ती रिकामी केली. ज्याला जे म्हणायचं, वाचायचं, नुसतं बसायचं, त्याने तिथे करावं. वडिलांना मी स्वतः फोन केला आणि जिन्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "काकू, तुम्ही एवढं सांगितलंत तेच पुष्कळ झालं."

आता या आठवड्याचं. पहिल्या दिवशी मागच्या खोलीत एकही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाशिकची एक आली. ती अजून येते. बाकीच्या तिघी, ज्या वर्षभर रोज बसायच्या, त्या वर असतात. सगळ्या हिंदू घरातल्या, एकीच्या आईच्या गळ्यातही माळ आहे. मला वाटलं होतं त्या तरी आपणहून बसत असतील. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. दोन दिवस टाळ फार मोठ्याने वाजतायत असं वाटायचं. आता सवय होतेय.

---

जुनी_पानं

हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. शारदा सदनातल्या मुलींना असं कोणी एकेकीला बसवून विचारलं असेल का, हा विचार मनात आला. त्यांच्याबद्दल बोलले ते सगळे मोठे लोक.

---

निळी_पहाट

काकू, जय भीम.

---

इंद्रायणीकाठ

जय भीम. तुमच्या त्या प्रतिसादाबद्दल ऋणी आहे.

---

मुळशीचा_वारा

ताई, म्हणजे शेवटी दार लावलंच म्हणायचं का?

---

इंद्रायणीकाठ

नाही लावलं. मागच्या खोलीचं दार उघडंच असतं, आवाजही घरभर जातो. फक्त तिथून कोणाला वर जावं लागत नाही.

आज एकादशी. या घरात एकादशीला नऊ वर्षं सगळ्यांनाच उपासाचं असायचं, वरईचा भात आणि दाण्याची आमटी. कोणी कधी कुरकुर केली नाही म्हणून मी कधी विचारलं नाही. काल रात्री विचारलं. चौघींनी पोळी-भाजी सांगितली, दोघींनी साबुदाण्याची खिचडी. त्या दोघींत एक वसईची आहे. साबुदाणा भिजवलाय, आता कणीक मळायला उठते.